सांगलीत कार्य काढताय? वेळेच्या या चुका टाळा

पुण्यात सहा वर्षं कार्यक्रमांच्या नियोजनाचं काम करून मी सांगलीला परत आलो, तेव्हा माझ्याकडं एक तयार वेळापत्रक होतं. सातला पाहुणे, साडेसातला गाणी, नऊला जेवण, साडेअकराला मांडव रिकामा. तिकडं ते बिनबोभाट चालायचं. इथं पहिल्याच कामात ते आपटलं. विश्रामबाग भागात एक स्वागत समारंभ होता. डिसेंबरचे दिवस, पाच वाजले असतील. आचारी अजून कांदा चिरत होते आणि नवऱ्या मुलाचे चुलत आजोबा पांढरी टोपी सारखी करत जेवणाच्या मांडवात येऊन बसले. त्यांच्यामागं पंचवीस-तीस माणसं. मी लगबगीनं गेलो. म्हटलं, "आजोबा, जेवण नऊला आहे. तोवर चहा सांगू का?" आजोबांनी नुसता पश्चिमेकडं हात केला. "दिवस बघ की बाळा कुठं गेलाय. नऊला कुणाला घालणार?"

सहाच्या सुमाराला ती सगळी मंडळी पाणी पिऊन उठली. यजमान मला एका शब्दानंही बोलले नाहीत, पैसेही पूर्ण दिले. त्यांच्या घरच्या पुढच्या कार्याचा फोन मात्र दुसऱ्याला गेला.

तेव्हापासून माझ्या आणि इतरांच्या चुका मी मनात टिपत आलोय. सजावट फसली, लायटिंग फसलं, अशा तक्रारी थोड्याच. बहुतेक घोटाळे घड्याळाचे आणि कॅलेंडरचे. पत्रिकेवर वेळ यजमान छापतात, पण या गावात त्या वेळेवर सूर्य, द्राक्षबाग, कृष्णा आणि गणपती यांची सही लागते.

दिवस मावळायच्या आत

सांगली-मिरज भागात जैन समाज मोठा आहे आणि तो फक्त व्यापारी पेठेत नाही. गावोगावची शेतकरी कुटुंबंही जैन आहेत. त्यामुळं यजमान कुठल्याही समाजाचे असोत, पाहुण्यांत दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं निघणारच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला जातो, मे महिन्यात सातच्या आसपास. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर पहिली पंगत पाचला बसली पाहिजे. त्यासाठी आचाऱ्याला आदल्या दिवशीच सांगायचं. "थोडं लवकर करा" म्हणून भागत नाही, "पाचला पन्नास पानं" असं आकड्यात सांगावं लागतं.

दुसरी चूक त्याच मांडवातली. "जैन जेवण" अशी पाटी लावलेलं टेबल, आणि त्यावर बाकी सगळीकडची तीच भाजी, फक्त कांदा-लसूण वगळून. बटाटा तसाच! कंदमूळ म्हणजे बटाटा, गाजर, मुळा, बीट, आलं हे सगळं आलं. ओली हळदही त्यातच. वाळवलेली हळद मात्र बहुतेक घरांत चालते. म्हणून मसालेभात करायला अडचण नाही, त्यात बटाटा ढकलू नका म्हणजे झालं. त्यापेक्षा सोपा उपाय माझ्या आचाऱ्यानंच सुचवला. कृष्णाकाठची भरली वांगी कांदा-लसणाशिवाय, दाण्याच्या कुटात करायची आणि सगळ्यांनाच वाढायची. वेगळं टेबल नको, वेगळी पाटी नको. काही कडक नियमवाल्या घरांत वांगंही चालत नाही, एवढं मात्र आधी विचारून घ्या.

हळदीवरून आठवलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपुरात ती पूर्वापार जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, सौद्याच्या दिवसांत मार्केट यार्डातून गेलं तर कपड्यांना वास लागतो. अशा गावात हळदीच्या कार्यक्रमाला मुंबईहून मागवलेली पिवळी पावडर मी स्वतः पाहिली आहे. नवरीच्या आत्यानं ती बोटावर घेऊन वास घेतला आणि काही न बोलता पुडा बाजूला ठेवला. मग घरातला हळकुंडांचा डबा निघाला.

द्राक्ष तोडीला आलं की

लग्नाला गावाकडून हजार माणसं येणार म्हणून मांडव घातला आणि चारशेच आली, अशी रड फेब्रुवारी-मार्चमध्ये हमखास ऐकू येते. यजमान म्हणतात, भाऊबंद रुसले. रुसलेलं कुणी नसतं. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागात जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षाची तोड आणि बेदाण्याची शेडं चालू असतात. व्यापाऱ्याची गाडी उद्या सकाळी लागणार, हे बागायतदाराला आज रात्री कळतं. वर्षभराचं पीक गाडीत भरायचं सोडून तो साडेबाराच्या अक्षतांना येणार नाही. आला तरी घरातला एकच माणूस येईल, तोही हात धुऊन तसाच.

तोड सकाळच्या गारव्यात होते, माल दुपारपर्यंत निघतो. म्हणून या दिवसांत बागायतदार पाहुणे जास्त असतील तर गोरज मुहूर्त बरा. पण गोरज मुहूर्त म्हणजे सूर्यास्ताची वेळ, आणि मघाचे आजोबा आठवा. दोन्ही साधायचं असेल तर पाचची पंगत अक्षतांच्या आधी उठवावी लागते. "अक्षता पडल्याशिवाय पान वाढायचं नाही," असं म्हणणारं कुणीतरी वडीलधारं घरात असतंच, त्यांना आठवडाभर आधी विश्वासात घ्या. ऐनवेळी मांडवात समजावायला गेलात तर समजूत निघत नाही.

दुसरा नाजूक काळ फळछाटणीनंतरचा, साधारण दसरा-दिवाळीचा. ढग दाटले, धुकं पडलं की दावण्या या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं बागायतदार फवारणीच्या ट्रॅक्टरवर असतो. त्या दिवसांत आलेला पाहुणासुद्धा फोनवर हवामान बघत जेवतो.

माणसं मोजायची कशी, हाही प्रश्न येतो. "येणार असल्यास कळवा" असं पत्रिकेत छापणाऱ्याला मी हात जोडतो. इथं कुणी कळवत नाही. त्यापेक्षा कोणत्या घराला चूलबंद आमंत्रण आहे आणि कोणत्या घरी नुसती पत्रिका गेली, याची यादी यजमानांच्या आईकडून घ्या. ती वहीत नसते, तोंडपाठ असते. चूलबंद म्हणजे घरातली सगळी, पोराबाळांसकट. नुसती पत्रिका म्हणजे एक किंवा दोन.

आयर्विनची फूटपट्टी

नदीकाठचं लॉन संध्याकाळी सुंदर दिसतं आणि बुकिंग उन्हाळ्यात होतं, तिथंच माणूस फसतो. मे महिन्यात कृष्णा इतकी खाली असते की ती कधी लॉनवर येईल यावर विश्वास बसत नाही. १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलावरची पातळी सांगलीकर पावसाळ्यात शेअर बाजारासारखी बघतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्या आधी २००५, त्यानंतर २०२१. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ या भर बाजारात होड्या चालल्या.

चातुर्मासात लग्नं नसतात, पण एकसष्टी, बारसं, डोहाळजेवण, दुकानाचं उद्घाटन थांबत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एका एकसष्टीचं काम माझ्याकडं होतं. हॉल नदीपासून फार लांब नव्हता. पातळी चाळिशीला आली तेव्हा हॉलवाल्यानं सांगितलं, "अहो, दरवर्षी येतंय, उतरतंय." मी ऐकलं. ही माझी चूक, त्याची नाही. किराणा, भांडी आणि भाड्याचा जनरेटर तळमजल्यावर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी रात्री जनरेटर बाहेर काढायला ट्रॅक्टर मिळाला नाही, कारण सगळे ट्रॅक्टर माणसं काढत होते. ज्यांची एकसष्टी होती ते काका भाचीच्या घरी मिरजेला गेले आणि तिथं सहा माणसांत त्यांना ओवाळलं.

आता मी असं करतो. जुलै ते सप्टेंबरमधला कार्यक्रम असेल तर जागा विश्रामबागेच्या बाजूला किंवा मिरज रस्त्याला, चढावर. जुन्या गावातच हवा असेल तर हॉलवाल्याला "इथं पाणी येतं का?" असं विचारत नाही. "२०१९ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं?" असं विचारतो. पहिल्या प्रश्नाला सगळे नाही म्हणतात, दुसऱ्याला भिंतीवरची खूण दाखवतात. कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की पहिला फोन आचाऱ्याला, दुसरा पर्यायी हॉलला. ४० फुटांची वाट बघत नाही. आणि पुलाकडं लक्ष ठेवायचं ते पाहुण्यांसाठीही. पुलावरची वाहतूक थांबली की वाळवा-शिराळ्याकडची मंडळी पलीकडेच राहतात. हॉल कोरडा, जेवण तयार आणि मामाच आले नाहीत, असं होतं.

मान्यवर वाटेत आहेत

सहकाराचा जिल्हा. कारखाना, बँक, दूध संघ, बाजार समिती. प्रत्येकाचे संचालक म्हणजे कुणाचे तरी पाहुणे. ते लग्नाला येतातच, आणि दाट तिथीला एका दुपारी प्रत्येकाची दहा लग्नं असतात. "साहेब वाटेत आहेत, अंकलीत पोचलेत," असं म्हणत मुहूर्त पुढं ढकलणं, ही इथली सर्वात जुनी चूक. भटजी घड्याळ बघतात, वऱ्हाडाच्या मुठीत अक्षता घामेजतात. उपाय एकच. मुहूर्ताला मंगलाष्टकं, आणि मान्यवरांच्या सत्काराला अक्षतांनंतरचा अर्धा तास राखून ठेवायचा. साहेबांनाही तेच सोयीचं असतं, त्यांना कुणी विचारलेलं नसतं इतकंच. निवेदकाच्या हातात नावांची लेखी यादी द्या आणि ती घरातल्या राजकारण कळणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. आजी-माजीचा घोळ झाला तर पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात.

तिसरी घंटा

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो सांगलीच्या राजांपुढं. नाटककार देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. नाट्यपंढरी हा शब्द आपण स्वागताच्या भाषणात वापरून गुळगुळीत केला आहे, पण त्याचा एक परिणाम प्रेक्षागृहात अजून दिसतो. इथला जुना प्रेक्षक वेळेच्या वीस मिनिटं आधी येतो. तिसरी घंटा झाली की पडदा, हे त्याच्या अंगात भिनलंय.

लग्नात दीड तास उशीर खपवून घेणारा हाच माणूस सत्कार समारंभात वा गाण्याच्या मैफलीत दहा मिनिटं सोसत नाही. हा फरक मला बरेच दिवस कळला नव्हता. एका गौरव समारंभात प्रमुख पाहुण्यांसाठी मी पडदा पाऊण तास अडवून धरला. पंचवीस मिनिटांनी टाळ्या सुरू झाल्या, त्या कौतुकाच्या नव्हत्या. शेवटी तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठून माझ्यापर्यंत आले आणि अगदी हळू म्हणाले, "पाहुणे येतील तेव्हा येतील. घंटा तर द्या." मी घंटा दिली, स्थानिक वक्त्यानं सुरुवात केली, पाहुणे मध्येच आले आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

ध्वनिव्यवस्थेतही कंजुषी नको. लग्नाचे भोंगे नाट्यगृहात आणू नका, शेवटच्या रांगेतून "ऐकू येईना" आलंच म्हणून समजा. आणि ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन, ही तारीख दुसऱ्या सांस्कृतिक कार्यक्रमाला घेऊ नका. भावे गौरवपदकाचा समारंभ असतो, तुमचा अर्धा प्रेक्षक तिकडं बसलेला असतो.

मिरज म्हणजे सांगली नव्हे

१९९८ पासून महापालिका एक झाली, स्वभाव एक झाले नाहीत. पहिली गोष्ट रेल्वेची. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर या चारही दिशांच्या गाड्या मिरज जंक्शनला येतात, त्यातल्या काही सांगलीला थांबत नाहीत. पत्रिकेवर नुसतं "सांगली" छापलं तर पाहुणा चुकीच्या स्टेशनचं तिकीट काढतो किंवा मिरजेला उतरून रिक्षावाल्याच्या हाती सापडतो. कुठं उतरायचं ते स्पष्ट छापा. कर्नाटकातले पाहुणे असतील तर त्यांच्यासाठी त्याच पत्रिकेत मागच्या बाजूला कानडीतही छापा, अथणी-चिकोडीकडच्या म्हाताऱ्यांना बरं वाटतं.

दुसरी गोष्ट दवाखान्यांची. मिरज हे दवाखान्यांचं गाव. रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं आणि रात्री दहानंतर एरवी उघड्यावर स्पीकर चालत नाही. वरातीचा रस्ता आधी पायी चालून बघा. तिसरी, सुरांची. सतार आणि तंबोरे घडवणाऱ्यांच्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावात घरगुती मैफल ठेवलीत तर तंबोरा लावायला दहा मिनिटं द्या. माईकवाल्यानं "हॅलो, हॅलो" करत त्यात व्यत्यय आणला की समोरची मंडळी कलाकाराकडं नाही, यजमानांकडं बघतात.

आणि गणपती. सांगलीच्या संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी, मिरजेची मोठी मिरवणूक अनंत चतुर्दशीला. ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि रस्त्यांवर स्वागत कमानी उभ्या असतात. बाहेरगावचा नियोजक दोन्ही गावांना एकच तारीख धरतो. एका निवृत्ती समारंभाची फुलं अशीच मिरजेत कमानीच्या अलीकडं अडकली. टेम्पो पुढं जाईना, मागं वळेना. शेवटी दोन पोरं डोक्यावर करंड्या घेऊन ढोलताशाच्या गर्दीतून चालत हॉलवर आली. वाटेत निम्मा झेंडू लोकांनी गणपतीवर उधळायला मागून घेतला होता. भाद्रपदातल्या कामाचा फुलांचा टेम्पो मी आता आदल्या रात्रीच आत घेऊन ठेवतो.