फीडिंग ब्रा घेताना या चुका टाळा: एकदम सहा नकोत, आधी दोनच घ्या

डोहाळजेवणाच्या आदल्या आठवड्यात, सातव्या महिन्यात, मी दादरला जाऊन एकदम सहा फीडिंग ब्रा घेऊन आले. पुढे रानडे रोडच्या गर्दीत शिरायला जमणार नाही, एकदाच काय ते उरकून टाकू, असं वाटलं. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी दूध भरून आलं आणि सहापैकी एकीचाही हूक नीट लागेना. आतले कपडे दुकानात परत घेत नाहीत. सगळे पैसे वाया गेले. म्हणून सांगते, सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच.

या काळात छातीचं माप एकदा वाढून थांबत नाही. पहिल्या तीन महिन्यांतच छाती जड आणि हुळहुळी होते. पुढे पोट वर सरकतं तशा बरगड्या रुंदावतात आणि खालचा पट्टा काचू लागतो. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत दूध उतरलं की कप आणखी लहान पडतो, आणि पुढच्या काही आठवड्यांत बाळाच्या भुकेशी दुधाचा मेळ बसला की पुन्हा थोडा सैल होतो. त्यामुळे खरेदीही टप्प्याटप्प्यानेच करावी.

सुरुवातीला कप बरोबर बसत असेल आणि फक्त पट्टा काचत असेल, तर हूक एक्स्टेंडर लावा. हुकांची ही छोटी पट्टी फार स्वस्त असते आणि जुनी ब्रा आणखी काही महिने चालते. कपही लहान पडू लागला की दोन साध्या सुती ब्रा घ्या, त्या सगळ्यांत आतल्या, घट्ट हुकावर बसणाऱ्या, म्हणजे पुढे सैल करायला जागा राहते. फीडिंग ब्रा मात्र 36व्या आठवड्याच्या आसपास घ्या आणि तेव्हा उलट करा: ती सगळ्यांत बाहेरच्या, सैल हुकावर बसली पाहिजे, कारण बरगड्या नंतर उतरणार आहेत. कपात तळहात शिरेल एवढी जागा हवी. त्याही दोनच. बाकीच्या महिना-दीड महिन्याने, पुन्हा माप घेऊन.

दुसरी चूक म्हणजे काउंटरवर नुसतं “36 द्या” म्हणणं. समोर पुरुष विक्रेता असला की आपण संकोचतो, आकडा सांगून मोकळ्या होतो. घरी आरशासमोर टेप धरा. छातीच्या बरोबर खाली किती इंच आणि सगळ्यांत भरलेल्या भागावर किती इंच, ते लिहून न्या. खालचं माप हा पट्ट्याचा आकडा, आणि दोन्हींतला फरक 1 इंच असेल तर कप ए, 2 असेल तर बी, 3 तर सी, 4 तर डी. खाली 34 आणि वर 37 भरलं, तर माप 34 सी.

स्वस्त मालात बरेचदा कपाचे प्रकार नसतात, फक्त आकडे असतात. मग कप मोठा हवा म्हणून आपण 34च्या जागी 38 घेतो. पट्टा सैल होतो, पाठीवर वर चढतो, सगळा भार खांद्यांवर येतो आणि तिथे वळ उठतात. आपल्याला वाटतं खांद्याचे पट्टे वाईट आहेत. खरं तर खालचा पट्टा सैल असतो. 34 डी मिळालीच नाही तर 36 सी चालते, पण एकाच पायरीपुरतं. कपातून वर मांस डोकावत असेल तर कप लहान, कापडाला चुण्या पडत असतील तर मोठा.

फीडिंग ब्राचा, पाजताना कप उघडायचा क्लिप दुकानातच एका हाताने उघडून पाहा, आणि लावूनही पाहा. दुसऱ्या हातात बाळ असणार आहे. एसटी स्थानकातल्या, बाळाला पाजण्यासाठीच्या हिरकणी कक्षात निवांत बसायला मिळतं, पण लोकलच्या लेडीज डब्यात दोन बायकांच्या मध्ये बसून कडक क्लिपशी झटताना रडू येतं.

जाड पॅड असलेली ब्रा मुंबईच्या पावसात दोन-दोन दिवस वाळत नाही. दमट ब्रा अंगावर राहिली तर छातीखाली घाम साचून खाज आणि पुरळ येते. साधी सुती घ्या. दूध झिरपत असेल तर मऊ जुन्या सुती साडीच्या घड्या आत ठेवा आणि ओल्या झाल्या की लगेच बदला.

तारेची ब्रा या दिवसांत बाजूला ठेवा. तार असो की आवळलेला पट्टा, एका जागी सतत दाब पडला तर दूध अडून गाठ होऊ शकते. पर्सचा पट्टाही तेच करतो. गर्दीत पर्स सांभाळायला आपण ती छातीवरून आडवी घेतो. पाजत असताना ती खांद्यावरच अडकवा. गाठ झालीच तर ब्रा सैल करा, बाळाला पाजणं थांबवू नका, दुखत असेल तर थंड पट्टी ठेवा. ताप आला, छाती लाल आणि गरम लागली, किंवा एका दिवसात उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जा.