सर्व्हर चालू, पण रिमोट कन्सोल गप्प: शेअर्ड लॅन पोर्टवरचा बीएमसी कसा शोधावा

सर्व्हर महाप्याच्या रॅकमध्ये, तुम्ही घोडबंदर रोडला घरी. एसएसएच (दुरून कमांड चालवायचं लॉगिन) लागतंय, पण रिमोट कन्सोलचं पान उघडत नाही. रबाळ्याची गाडी पकडण्याआधी घरूनच बरंच तपासता येतं.

बीएमसी (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर) म्हणजे मदरबोर्डवरचा वेगळा छोटा कॉम्प्युटर; रिमोट कन्सोलचं पान तोच दाखवतो. त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क हार्डवेअरचा ओळख क्रमांक) वेगळा, आयपी वेगळा. शेअर्ड मोडमध्ये मात्र तो सर्व्हरच्याच पोर्टवरून, बहुधा लॅन-१ वरून बोलतो. त्याची पॅकेट नेटवर्क कार्ड परस्पर त्याच्याकडे वळवतं, त्यामुळे सर्व्हरवर टीसीपीडम्प (पॅकेट पकडून दाखवणारं टूल) लावून ती सहसा दिसत नाहीत आणि लिनक्सचा फायरवॉल त्यांना अडवतही नाही. त्याच सर्व्हरवरून बीएमसीला पिंग करून बघणं तर फुकट जातं: स्विच फ्रेम आली त्याच पोर्टातून परत पाठवत नाही. चाचणी नेहमी दुसऱ्या मशीनवरून करा.

आधी सर्व्हरवर रूट होऊन ‘आयपीएमआयटूल लॅन प्रिंट १’ चालवा (आयपीएमआय म्हणजे बीएमसीशी बोलायची ठरलेली पद्धत; शेवटचा १ हा चॅनल, काही यंत्रांत तो २ असतो). डिव्हाइस सापडत नाही असं म्हणाला, तर आयपीएमआयची कर्नल मॉड्यूल लोड करा. आयपी, सबनेट, गेटवे, मॅक आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) आयडी लिहून घ्या. आयपी ०.०.०.० दिसला तर डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणारी सेवा) काही मिळालेलं नाही. स्टॅटिक पत्ता द्या.

आता स्विचवर लॉगिन करा आणि सर्व्हर लागलेल्या पोर्टचा मॅक टेबल (त्या पोर्टवर दिसलेल्या मॅकची यादी) उघडा. निम्मं निदान इथेच होतं. तिथे दोन मॅक दिसायला हवेत: सर्व्हरचा आणि बीएमसीचा.

एकच दिसत असेल तर पहिला संशय पोर्ट सिक्युरिटीवर, म्हणजे एका पोर्टवर किती मॅक चालतील या स्विचवरच्या मर्यादेवर. मर्यादा १ असेल तर दुसरा मॅक अडतो, कधी अख्खं पोर्टच बंद पडतं. मर्यादा २ करा. दुसरा संशय ‘फेलओव्हर’ मोडवर. सुपरमायक्रोच्या बोर्डांवर हा मोड असेल, तर बीएमसी सुरू होताना डेडिकेटेड पोर्टवर (फक्त बीएमसीसाठी असलेलं पोर्ट) लिंक आहे का ते बघतो. नसेल तर लॅन-१ धरतो. पावसाळ्यात लाइट जाऊन आली की बीएमसी स्विचच्या आधी उठतो, त्याला लिंक दिसत नाही आणि तो भलत्याच व्हीलॅनमध्ये जाऊन बसतो. कोणी डेडिकेटेड पोर्टात केबल खोचली तर उलटं होतं. सेटिंगमध्ये ‘शेअर’ किंवा ‘डेडिकेट’ यांपैकी एकच पक्कं करा. फेलओव्हर ऐकायला चांगलं वाटतं, पण दूरच्या रॅकमध्ये ते नकोच.

दोन्ही मॅक दिसतात, तरी उत्तर नाही? व्हीलॅन जुळवा. बीएमसीवर आयडी लावला असेल तर स्विच पोर्टवर तो व्हीलॅन टॅग होऊन, म्हणजे पॅकेटवर आयडीचा शिक्का घेऊन, यायला हवा. दोन पोर्टांचं एलएसीपी बाँडिंग (दोन तारा मिळून एकच लिंक) असेल तर कारण बहुधा तेच: स्विच बीएमसीची पॅकेट दुसऱ्या तारेवर टाकतो आणि तिथे बीएमसी ऐकतच नसतो. बाँड अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एक तार चालू, दुसरी राखीव) करा आणि स्विचवरचा ग्रुपही मोडा.

कन्सोल फक्त रीबूटच्या वेळी तुटत असेल, तर लिंक रीसेट झाल्यावर स्पॅनिंग ट्री (स्विचमध्ये लूप होऊ न देणारी यंत्रणा) ३० सेकंद पोर्ट अडवतो. तिथे पोर्टफास्ट (ही वाट न बघण्याचं सेटिंग) लावा. सर्व्हर बंद केल्यावरच गायब होत असेल तर स्पीड बघा. स्टँडबायमध्ये कार्ड वीज वाचवायला १०० किंवा १० एमबीपीएसवर उतरतं. स्विचवर १००० ठोकून ठेवलं असेल तर लिंकच जुळत नाही. ऑटो ठेवा.

सगळं जुळूनही गप्प असेल तर ‘आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड’. सर्व्हर रीबूट होत नाही, पण शेअर्ड पोर्टची लिंक क्षणभर झटकू शकते; कामाच्या वेळेत करू नका. बीएमसीला उठायला दोन-तीन मिनिटं द्या. तेही फसलं तर डेटा सेंटरच्या माणसाला सर्व्हर नीट शटडाउन झाल्यावर दोन्ही पॉवर केबल काढून मिनिटभर थांबायला सांगा. ‘दोन्ही’ हा शब्द तिकिटात लिहाच; एक राहिली तरी स्टँडबाय वीज चालूच राहते आणि बीएमसी हलत नाही.

एक उलटा त्रासही आहे. काही जुनी नेटवर्क कार्डं यूडीपीच्या ६२३ आणि ६६४ या पोर्ट क्रमांकांची पॅकेट, सर्व्हरसाठी असली तरी, बीएमसीकडे ओढतात. एखाद्या आरपीसी सेवेने (दुसऱ्या मशीनवरचं काम मागवणारी सेवा) नेमका त्यांतला पोर्ट घेतला की एनएफएस (नेटवर्कवरून फाइल शेअरिंग) अकारण लटकतो. लिनक्स कर्नलचा एनएफएस क्लायंट म्हणूनच मुळात ६६५ पासून वरचे पोर्ट घेतो. कोणी ती सीमा खाली आणली असेल तर परत ६६५ करा.