चिंतेसाठी एआय चॅटबॉट वापरताय? या चुका टाळा

"छातीत धडधडतंय, हार्ट अटॅक तर नसेल ना?" रात्री हा प्रश्न चॅटबॉटला विचारला की समजूतदार उत्तर येतं आणि जरा बरं वाटतं. थोड्या वेळाने तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा. चिंताविकारात एआयचा सर्वांत घातक वापर मला हाच वाटतो, कारण तो मदतीसारखा दिसतो.

सारखी खात्री करून घेण्यावरच चिंता पोसली जाते. दिलासा मिळाला की मन शिकतं ते एवढंच: धोका खरा होता, विचारलं म्हणून वाचलो. घरची माणसं चौथ्यांदा विचारल्यावर वैतागतात, आणि त्या वैतागाचाही थोडा उपयोग असतो. चॅटबॉट पहाटेपर्यंत वैतागत नाही. शिवाय होला हो करण्याची त्याला खोड असते. अतिगोडबोलेपणामुळे ओपनएआयला एप्रिल 2025 मध्ये चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं होतं.

म्हणून प्रश्न टाइप केलात तरी पाठवण्याआधी दहा मिनिटं थांबा. जमलं की पुढे वीस. चॅटबॉटला आधीच बजावून ठेवा: "मी तेच तेच विचारलं तर दिलासा देऊ नकोस. मला नेमकी कशाची भीती वाटतेय ते विचार आणि खात्री नसतानाही थांबायला मदत कर." (छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर. थायरॉइडचं संप्रेरक (हार्मोन) वाढल्यानेही धडधड आणि घबराट होते, ती गप्पांनी जात नाही.)

टाळाटाळीला एआयची साथ. साहेबांना फोन करायची भीती वाटते, म्हणून एआयकडून मेल लिहून घेतला. काम झालं, भीती तशीच. सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात, भीतीची शिडी करतात: कमी भीतीच्या प्रसंगापासून जास्त भीतीच्या प्रसंगापर्यंत, एकेक पायरी. ती मांडायला आणि फोनवरच्या संवादाची एकदा तालीम करायला एआय छान आहे. एकदाच, दहा तालमी म्हणजे पुन्हा टाळाटाळ. मग फोन लावायचाच.

"संशोधनात सिद्ध झालंय" म्हणून कुठलंही अ‍ॅप. डार्टमथ विद्यापीठाच्या 'थेराबॉट'च्या चाचणीचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. सतत चिंतेचा विकार असलेल्यांची लक्षणं सरासरी 31 टक्क्यांनी घटली. पण तो बॉट तज्ज्ञांनी खास उपचारांसाठी घडवला होता आणि त्याच्या संवादांवर माणसांची देखरेख होती. तुमच्या फोनमधल्या सर्वसाधारण चॅटबॉटला तो आकडा लागू होत नाही.

फरक पडतोय का, हे न मोजणं. जीएडी-7 ही चिंतेची तीव्रता मोजणारी सात प्रश्नांची प्रश्नावली दर दोन आठवड्यांनी भरा. गुण 0 ते 21. 10 किंवा जास्त आले, किंवा महिनाभर आकडा हललाच नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आधीच समुपदेशन सुरू असेल तर चॅटबॉट वापरता हे लपवू नका. कोणता प्रश्न किती वेळा विचारला, ही नोंद त्यांच्या फार कामाची असते.

खासगी माहितीचं थोडक्यात: नाव, कंपनी, रिपोर्ट टाकू नका. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्पवर वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका आला आणि 2023 मध्ये अमेरिकेत तिला 78 लाख डॉलर मोजावे लागले.

जीव नकोसा वाटत असेल तर चॅट बंद करून जवळच्या माणसाला हाक मारा आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.