एक्झॉस्ट बॅक प्रेशर सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी उचलत नाही, काळा धूर मारते, चेक लाईट पेटलेली. स्कॅनरवर एक्झॉस्ट प्रेशरचा कोड दिसला की सरळ नवा सेन्सर मागवला जातो आणि थोड्याच दिवसांत तोच कोड परत येतो. दोष बहुतेक वेळा सेन्सरपर्यंत दाब नेणाऱ्या पाइपात असतो.

हा सेन्सर टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमधल्या (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळकांड्यातल्या) धुराचा दाब मोजतो. त्या आकड्यावरून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टर्बोची पाती आणि ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) किती उघडायचा ते ठरवतो. धूर पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापतो, म्हणून सेन्सर लांब बसवून मध्ये बारीक लोखंडी पाइप देतात. बीएस६ गाड्यांत डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) आधी आणि नंतर नळी जोडलेला, दोन्हीकडच्या दाबातला फरक मोजणारा डिफरन्शियल सेन्सरही असतो. तो डीपीएफमध्ये काजळी किती साचली ते सांगतो. या दोघांत गल्लत नको: स्कॅनरवर एसपीएन (बिघाड कुठल्या भागाचा ते सांगणारा नंबर) १२०९ असेल तर मॅनिफोल्डचा, ३२५१ असेल तर डीपीएफचा. पुढचा एफएमआय आकडाही वाचा, तो बिघाडाचा प्रकार सांगतो. ३ किंवा ४ असेल तर आधी वायरिंग पाहा. ० किंवा १६ असेल तर दाब खरोखरच वाढलेला असू शकतो, मग सेन्सरला दोष देऊन उपयोग नाही.

सगळ्यात स्वस्त तपासणी बहुतेक जण करतच नाहीत. गार इंजिनवर चावी ऑन करा, स्टार्ट मारू नका. मॅनिफोल्डचा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण दाब (अ‍ॅब्सोल्यूट) दाखवत असेल तर आकडा हवेच्या दाबाइतका हवा. जळगाव-धुळ्याच्या उंचीवर तो ९७ ते ९९ किलोपास्कल येतो. डिफरन्शियल सेन्सरचा आकडा शून्याजवळ हवा. घाट चढून आलेली गाडी बंद करून बराच वेळ झाला तरी आकडा खाली येत नसेल, तर पाइप काजळीने बुजून दाब आत अडकला आहे.

पाइप काढताना घाई नको. इंजिन थंड होऊ द्या, नटावर गंज सोडवणारं तेल टाकून थांबा आणि दोन पाने लावा, नाहीतर पाइप पिळून तुटतो. काजळी तारेने किंवा हाताने फिरवलेल्या ड्रिल बिटने काढा, कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, मग हवा मारा. हवा मारताना पाइप दोन्हीकडून सुटा हवा. कॉम्प्रेसरची हवा सेन्सरमध्ये गेली तर आतला पडदा फाटतो आणि चांगला सेन्सर तुमच्याच हाताने जातो. मॅनिफोल्डकडचं भोकही साफ करा, तिथेच जास्त काजळी असते.

नळ्यांच्या बाबतीत दोन घोळ हमखास होतात. डिफरन्शियल सेन्सरच्या नळ्या उलट बसतात, म्हणून काढण्याआधी खूण करा. दुसरा घोळ म्हणजे फुटलेल्या नळीच्या जागी साधी डिझेलची नळी लावणे. ती उष्णता सहन करत नाही. नळीला मध्ये झोळ राहू देऊ नका, त्यात पाणी साचून आकडा भरकटतो.

वायरिंगसाठी कपलर काढा, चावी ऑन करून मल्टिमीटर लावा. एका वायरवर ५ व्होल्ट आणि एकावर पक्कं अर्थिंग हवं. तेच ५ व्होल्ट इतर सेन्सरांनाही जातात, त्यामुळे एक वायर घासून शॉर्ट झाली की चार-पाच कोड एकदम येतात. वॉशिंगला गाडी लावल्यावर कोड आला असेल तर आधी कपलरमध्ये पाणी शिरलंय का ते बघा.

एक्झॉस्ट ब्रेकही (धूर अडवून गाडी रोखणारा) ध्यानात ठेवा. कोंडाईबारी घाट उतरताना ब्रेक लावल्यावर दाब वाढणारच, ती बिघाडाची खूण नव्हे. ब्रेक सोडल्यावरही आकडा उतरत नसेल तर त्या ब्रेकची झडप (बटरफ्लाय) अडकलीय.

सेन्सर खरोखर बदललात तर स्कॅनरवरून जुना शिकलेला आकडा रिसेट करा. सेन्सरऐवजी बायपासची रेझिस्टर लावणारे भेटतील. त्याने कोड जातो, पण डीपीएफ भरत राहतो आणि ती काजळी जाळायची वेळ ईसीयूला कळत नाही.

रावेर-सावद्याकडे केळी भरताना इंजिन तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, काजळी त्यातच साचते. उभ्या गाडीवर रीजनरेशन (डीपीएफमधली काजळी जाळणं) लावायचं असेल तर वाळलेली केळीची पानं किंवा पऱ्हाटी असलेल्या जागेवरून गाडी हलवा, डांबरावर किंवा मोकळ्या मुरमावर घ्या. त्या वेळी सायलेन्सरच्या तोंडातून निघणारी हवा सुकं पान सहज पेटवते.