माळ्यावरचा गिटार अ‍ॅम्प पुन्हा वाजता करताना

पाच-सहा पावसाळे माळ्यावर पडून राहिलेला अ‍ॅम्प खाली आला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "लाव ना प्लग, बघू तरी चालतो का!" तेवढं मात्र करू नका. ठाण्याच्या दमट हवेत माळ्यावर टिकलेले अ‍ॅम्प या पहिल्या मिनिटात कायमचे जातात.

इथे धरलाय तो घरच्या सरावाचा, दहा ते तीस वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा असेल तर स्वतः उघडू नका. त्यात 300 ते 450 व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. तो जाणत्या मेकॅनिककडेच द्या.

प्लग काढून मागचं कव्हर उघडा, धूळ ब्रशने झाडा. फ्यूज गेला असेल तर त्याच अँपिअरचा, त्याच जातीचा घाला. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. परदेशातून आलेला अ‍ॅम्प असेल तर मागची पट्टी वाचा. 120 व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या 230 वर लावायचा असेल तर मधे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

आता खरा टप्पा. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच.

पहिल्यांदा करंट द्यायचा तो सिरीज बोर्डातून. फेजच्या वायरमध्ये एक बल्ब होल्डर, पुढे सॉकेट. न्यूट्रल आणि अर्थिंग सरळ. मेन्सच्या वायरिंगचा सराव नसेल तर वायरमनकडून करून घ्या, अनेकांकडे तयारच असतो. बल्ब 60 वॅटचा, जुना तारेचा पिवळा बल्बच हवा. एलईडी इथे कामाचा नाही. नौपाड्यातल्या जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारून बघा. तारेची फिलामेंट थंड असताना करंट सहज जाऊ देते आणि तापली की अडवते, सगळी गंमत त्यातच आहे. अ‍ॅम्पमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि अ‍ॅम्प वाचतो.

व्होल्टेज हळू का चढवायचं, तेही समजून घ्या. मोठ्या कपॅसिटरच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. वर्षानुवर्षं करंट नाही मिळाला की तो कमकुवत होतो आणि करंट गळू लागतो. त्यावर एकदम पूर्ण व्होल्टेज पडलं तर कपॅसिटर तापतो, डोकं फुगतं. व्हेरिअ‍ॅक, म्हणजे व्होल्टेज हळूहळू चढवायचा ट्रान्सफॉर्मर मिळाला तर उत्तमच, पण बल्बला पर्याय म्हणून नव्हे, बल्बच्या जोडीला.

स्पीकरच्या दोन्ही वायरी काढा, गिटार लावू नका, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि बटण दाबा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर छान. तसाच भकभकीत पेटत राहिला तर लगेच बंद करा. डायोड, आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा कपॅसिटर गेलाय. मंद झाल्यावरही घाई नको. मल्टिमीटर डीसीवर ठेवून स्पीकरच्या मोकळ्या वायरींमध्ये मोजा. शून्याच्या जवळपास, फार तर शंभर मिलिव्होल्टच्या आत यायला हवं. काही व्होल्ट दिसले आणि तरीही स्पीकर जोडलात, तर त्याची कॉइल जळणार. हे मोजमाप बहुतेक जण गाळतात आणि मग नवा स्पीकर शोधत फिरतात.

स्पीकरही आधी ओहमवर तपासा. 8 ओहमचा साधारण 6 ते 7 दाखवतो. मग अ‍ॅम्प बंद करून स्पीकर जोडा, बोर्ड बाजूला करा आणि अ‍ॅम्प थेट प्लगवर.

आवाज खरखरतोय? प्लग काढून पॉटच्या (नॉबमागच्या फिरत्या भागाच्या) फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब दोन्ही टोकांपर्यंत भरपूर फिरवा. गंज सोडवायचं तेल मारू नका, ते आत राहून धूळ धरून ठेवतं. आवाजच येत नसेल तर सगळ्यात आधी हेडफोनचं भोक बघा. हेडफोनचा प्लग आत गेला की स्पीकर तोडणारी पत्ती तिथे असते. दमट हवेने ती काळी पडते आणि हेडफोन नसतानाही स्पीकर तुटलेलाच राहतो. क्लीनर मारून हेडफोनचा प्लग दहा-बारा वेळा आतबाहेर करा. मेलेले वाटणारे कितीतरी अ‍ॅम्प एवढ्यावर बोलतात!

गिटार न लावताही जाड घूं-घूं येत राहिली तर फिल्टर कपॅसिटर (वर सांगितलेले मोठे) बदला: तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे, आणि वजा खूण जुन्याच जागी. जवळपास मिळाले नाहीत तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. लॅमिंग्टन रोडवर मिळतीलच. गिटारच्या तारांना हात लावल्यावर घूं-घूं कमी होत असेल तर दोष बहुधा गिटारच्या शील्डिंगचा आहे. अ‍ॅम्पला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र वाजवणं थांबवा. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमागे कधीकधी अर्थिंगची वायरच नसते, ती आधी तपासून घ्या.

एकदा चालला की रोज संध्याकाळी अर्धा तास वाजवा, व्हॉल्यूम दोनवर ठेवला तरी पुरे. पावसाळ्यात तर खंड पडूच देऊ नका आणि अ‍ॅम्प प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका.