बिल्डर दारात येण्याआधी: उपनगरातल्या जुन्या सोसायटीने पुनर्विकासाची तयारी कशी करावी

चेंबूरचं टिळकनगर, विक्रोळीचं कन्नमवारनगर, घाटकोपरचं पंतनगर, मुलुंड-बोरिवलीच्या आतल्या गल्ल्या. लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती पाडून तिथे उंच टॉवर उभे राहत आहेत. शेजारच्या सोसायटीभोवती पत्र्याचं कुंपण लागलं की आपल्याकडेही ऑफर यायला लागतात आणि सभेत पहिला प्रश्न येतो, "किती टक्के जादा मिळणार?" हा प्रश्न शेवटी यायला हवा. त्याआधी आपल्या प्लॉटवर कायद्याने किती बांधकाम होऊ शकतं हे सोसायटीला स्वतःला माहीत असलं पाहिजे. तो आकडा हातात नसताना केलेली घासाघीस म्हणजे अंधारात केलेला सौदा.

कागद आधी, सभा नंतर

पहिला कागद अभिहस्तांतरणाचा, म्हणजे कन्व्हेयन्सचा. जमीन अजून मूळ बिल्डरच्या किंवा जमीनमालकाच्या नावावर असेल, तर पुनर्विकासाच्या नफ्यात तो वाटा मागू शकतो. तो सही करत नसेल तर मोफा (सदनिका मालकी) कायदा, 1963 च्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे त्याच्या सहीशिवाय होणाऱ्या कन्व्हेयन्ससाठी, अर्ज करता येतो. त्यासाठी सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांचे नोंदणीकृत करारनामे किंवा इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) आणि सभासदांची यादी लागते. आदेश मिळाला की काम संपलं असं समजून बऱ्याच सोसायट्या थांबतात. तो दस्त नोंदवून मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव चढेपर्यंत काम अर्धंच असतं.

म्हाडाच्या वसाहतीत प्रकार वेगळा. तिथे इमारतीचं विक्रीखत आणि जमिनीचा भाडेपट्टा असे दोन दस्त असतात, पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(5) खाली होतो आणि 2018 पासून मुंबईतल्या या वसाहतींसाठी नियोजन प्राधिकरणही म्हाडाच आहे. पुढे दिलेला चटई क्षेत्राचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचा, हिशेब त्यांना लागू नाही.

दुसरं, प्लॉटचं क्षेत्रफळ. मालमत्ता पत्रकावर एक आकडा, अभिहस्तांतरणात दुसरा आणि जागेवर मोजणी केली की तिसरा, असं सर्रास घडतं. परवानगी देताना सर्वांत कमी आकडा धरला जातो, म्हणून भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी आधीच करून घ्यावी. पालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यातले प्लॉटबद्दलचे शेरे, घ्यावेत. आरक्षण, रस्तारुंदीची रेषा, नाला यांपैकी काय प्लॉटवरून जातं ते त्यात कळतं. विमानतळाजवळच्या भागांत उंचीची मर्यादा तपासावी. चटई क्षेत्र भरपूर आणि उंची मात्र मर्यादित असली की कागदावरचं बांधकाम प्रत्यक्षात बसत नाही.

तिसरं काम कंटाळवाणं आहे, पण पुढे प्रकल्प अडतो तो इथेच. प्रत्येक सभासदाची फाइल उघडा. मूळ सभासद वारलेत आणि घर वारसांच्या नावावर झालेलं नाही, भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) हरवलंय, घरावर बँकेचं कर्ज आहे, दोन भावांत दावा चालू आहे, अशी प्रकरणं प्रत्येक इमारतीत असतात. नामनिर्देशन (नॉमिनेशन) म्हणजे मालकी नव्हे, हे घरोघरी सांगावं लागतं. बंदिस्त केलेली बाल्कनी आणि तळमजल्यावर वाढवलेली खोली मंजूर नकाशात नसेल, तर ती मोजमापात धरली जात नाही. हे आधीच सांगितलं तर नंतरचं भांडण टळतं.

इमारत 30 वर्षांहून जुनी असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम 353ब नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. अहवालात सी-1 आलं तर इमारत धोकादायक ठरते, रिकामी करून पाडावी लागते. सी-2 म्हणजे दुरुस्ती शक्य आहे. पुनर्विकास घाईने रेटायचा म्हणून सी-1 मिळवण्याचा मोह काहींना होतो. तो मोठा धोका आहे, कारण करार होण्याआधीच सगळे रस्त्यावर येतात आणि घासाघीस करायची ताकद तिथेच संपते.

प्लॉटचा हिशेब

मुंबईच्या उपनगरांत मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) 1 आहे. त्यावर किती वाढ मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. विकास आराखडा 2034 च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर 1 वरच थांबावं लागतं. 9 ते 12.2 मीटरला अधिमूल्य (जादा बांधकामासाठीचं शुल्क) भरून 0.5 आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) 0.5, एकूण 2. 12.2 ते 18.3 मीटरला एकूण 2.2. 18.3 ते 30 मीटरला 2.4 आणि त्यापुढे 2.5. या आकड्यावर आणखी 35 टक्के वाढीव क्षेत्र मिळतं, त्याला फंजिबल क्षेत्र म्हणतात. 30 वर्षांहून जुन्या सोसायटीला याच नियमावलीच्या 33(7)(ब) खाली आणखी वाढ मिळते: जुन्या बांधकामाच्या 15 टक्के किंवा प्रत्येक घरामागे 10 चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल ते, तेही अधिमूल्य न भरता.

उदाहरण घेऊ. प्लॉट 1,000 चौ.मी., रस्ता 13.4 मीटर, सभासद 24, जुनं मंजूर बांधकाम 1,000 चौ.मी.

2.2 प्रमाणे 2,200 चौ.मी. त्यावर 35 टक्के फंजिबल, म्हणजे 770. झाले 2,970. 33(7)(ब) चे 24 गुणिले 10, म्हणजे 240. एकूण 3,210 चौ.मी. हा कच्चा हिशेब आहे, वास्तुविशारद तो नेमका करून देईल.

आता सभासदांना 35 टक्के जादा दिलं तर त्यांच्या घरांसाठी 1,350 चौ.मी. लागतात आणि विक्रीला 1,860 उरतात. त्या 1,860 मधून बिल्डरला सगळ्या इमारतीचं बांधकाम, पालिकेचं अधिमूल्य, टीडीआरची खरेदी, सभासदांचं दोन-तीन वर्षांचं भाडं, कॉर्पस (सोसायटीला द्यायचा एकरकमी निधी), कर्जाचं व्याज आणि स्वतःचा नफा काढायचा असतो.

यातून दोन गोष्टी दिसतात. सभासदाच्या जुन्या क्षेत्रावरचं 35 टक्के फंजिबल अधिमूल्याशिवाय मिळतं आणि ते मुळात त्याच्याच घरासाठी आहे. "आम्ही 35 टक्के जादा देतो" ही ऑफर म्हणजे तुमचंच तुम्हाला देणं. बोलणी त्याच्या पुढे सुरू होतात. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कोणी 70 टक्के देतो म्हणाला, तर विक्रीला 1,510 चौ.मी. उरतात. तुमच्या भागातल्या नव्या घरांच्या प्रत्यक्ष नोंदणीकृत दराने तेवढ्यात खर्च भागत नसेल, तर तो बिल्डर पुढे भाव वाढतील या आशेवर बोली लावतोय. भाव वाढले नाहीत की काम थांबतं आणि भाडंही थांबतं. सगळ्यांत मोठी ऑफर सगळ्यांत चांगली असते असं धरून चालू नका.

रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर एकट्याने फारसं काही जमत नाही. शेजारच्या सोसायटीशी प्लॉट जोडून मोठ्या रस्त्याचा दर्शनी भाग मिळतो का ते बघावं. उपनगरात 6,000 चौ.मी. एकत्र येत असतील तर 33(9) खाली समूह पुनर्विकासाचा पर्यायही आहे.

सभा आणि निवड

4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात, सहकार कायद्याच्या कलम 79(अ) खाली, पद्धत ठरवून दिलेली आहे. किमान एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की समितीने विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची. सूचना 14 दिवस आधी. गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश आणि निर्णयासाठी एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती. हजर असलेल्यांच्या 51 टक्के नव्हे, याची नोंद घ्यावी. सभेचं चित्रीकरण करायचं. विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी हजर हवा.

आधी प्रकल्प सल्लागार नेमा, त्याच्याकडून व्यवहार्यता अहवाल घ्या, तो प्रत्येक सभासदाला द्या आणि मगच निविदा काढा. बिल्डरने फुकटात दिलेला सल्लागार घेऊ नका. त्याची फी सोसायटीने भरली तरच तो सोसायटीचा. सोसायटीचा वकीलही वेगळा असावा.

निवडीसाठी बिल्डरने ओसीसह (भोगवटा प्रमाणपत्रासह) पूर्ण केलेल्या इमारती पाहा आणि तिथल्या जुन्या सभासदांशी बोला. महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाच्या) संकेतस्थळावर त्याच्या प्रकल्पांची मुदतवाढ आणि तक्रारी दिसतात. एकाच वेळी किती इमारती त्याने पाडून ठेवल्या आहेत, हा आकडा त्याच्या ब्रोशरपेक्षा जास्त सांगतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. रेराचं, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचं, संरक्षण मुख्यतः विक्रीची घरं विकत घेणाऱ्यांना आहे. जुन्या सभासदाचं खरं संरक्षण म्हणजे त्याचा स्वतःचा करार.

विकास करारात काय हवं

क्षेत्रफळ रेरा कार्पेटमध्ये लिहा, चौ.मी. आणि चौ.फूट दोन्हींत (1 चौ.मी. म्हणजे 10.764 चौ.फूट). रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरल्या जातात, बाल्कनी धरली जात नाही. जुनं घर एका पद्धतीने आणि नवं दुसऱ्या पद्धतीने मोजलं तर टक्केवारी फुगते, खोली तेवढीच राहते. घराचा नकाशा प्रत्येक खोलीच्या मापांसह कराराला जोडा.

बँक हमी घ्या. शासन निर्णयात ती प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के सांगितली आहे. बिल्डर तिच्याऐवजी विक्रीतले काही फ्लॅट तारण देऊ करतो. न बांधलेल्या फ्लॅटचं तारण अडचणीच्या वेळी कामाला येत नाही.

भाडं पहिल्या 11 महिन्यांचं एकरकमी, पुढचं पुढल्या तारखांच्या चेकने, दरवर्षी वाढ धरून आणि ओसी मिळेपर्यंत. "ताब्यासाठी तयार असल्याचं पत्र" मिळेपर्यंत असं कधीच लिहू नका. अनामत, दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च वेगळा. ज्येष्ठ सभासदांना दवाखाना, देऊळ, ओळखीचा वाणी सोडून लांब जाणं फार जड जातं, म्हणून भाडं ठरवताना त्याच वस्तीतला दर धरण्याचा आग्रह सोडू नये.

कर्जासाठी बिल्डरला फक्त विक्रीचा भाग गहाण ठेवता येईल, जमीन आणि सभासदांची घरं नाहीत, हे कुलमुखत्यारपत्रातही लिहा. ओळीने काही महिने भाडं थकलं किंवा काम ठप्प झालं, तर करार रद्द करण्याचा आणि दुसरा विकासक आणण्याचा हक्क सोसायटीकडे हवा. सभासदांच्या घरांचा ताबा आधी, विक्रीच्या घरांचा नंतर.

प्रत्येक सभासदाचा पर्यायी निवासाचा करार वेगळा आणि नोंदणीकृत असला पाहिजे. जुन्या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या घरावर या कराराला नाममात्र रकमेपेक्षा (तेव्हा 100 रुपये) जास्त मुद्रांक शुल्क मागता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये दिला. पैसे देऊन जादा क्षेत्र विकत घेतलं तर त्यावर शुल्क लागतं.

घर रिकामं कधी करायचं

विकास करार नोंदवलेला, आयओडी (पालिकेची अटींसह बांधकाम मंजुरी) हातात, बँक हमी जमा, भाड्याचे चेक मिळालेले आणि स्वतःचा करार नोंदवलेला. या पाचांपैकी एक जरी बाकी असेल तरी किल्ली देऊ नका. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या 672 कुटुंबांना घरं सोडल्यावर दशकाहून जास्त काळ वाट पाहावी लागली आणि मधे भाडंही बंद झालं.

स्वयंपुनर्विकास

बिल्डरचा नफा सभासदांकडेच राहावा म्हणून सोसायटी स्वतः विकासक होऊ शकते. 13 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयाने याला सवलती दिल्या आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक त्यासाठी कर्ज देते. 20-30 घरांच्या, एकोपा असलेल्या, स्वच्छ कागदपत्रांच्या सोसायटीने हा पर्याय आधी तपासावा. पैशाची ओढाताण मात्र सुरुवातीलाच होते: अधिमूल्य आणि टीडीआरचे पैसे आधी जातात, विक्रीचे नंतर येतात. शिवाय विक्रीच्या घरांसाठी रेराची प्रवर्तक म्हणून जबाबदारी सोसायटीवर येते. हिशेब दरमहा सर्वांसमोर ठेवणारी दोन-तीन माणसं नसतील तर यात पडू नये.

कॉर्पस आणि नंतरचा खर्च

तीन मजल्यांच्या इमारतीत देखभाल म्हणजे पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे. टॉवरमध्ये लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, जनरेटर, सुरक्षारक्षक आणि यांत्रिक पार्किंग येतं. पार्किंगची यंत्रं तर हमीची मुदत संपली की पैसे खातात. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला ही मासिक रक्कम पेलवत नाही आणि नवं घर विकून लोक वसई-बदलापूरकडे जातात. वस्ती बदलते ती इथून. म्हणून कॉर्पस ठरवताना सल्लागाराकडून मासिक देखभालीचा अंदाज लेखी घ्या आणि कॉर्पसच्या व्याजातून त्याचा किती भाग निघेल ते सभासदांना घरनिहाय सांगा. कॉर्पस वाटून खर्च करण्यापेक्षा सोसायटीच्या नावे ठेवीत ठेवला तर हा भार निदान काही वर्षं हलका राहतो.

ताबा घेताना ओसीची प्रत पाहा. ओसी नसेल तर पाण्याचा दर जास्त लागतो. टेप घेऊन प्रत्येक खोली मोजा, न्हाणीघरात पाणी साठवून 24 तास ठेवा आणि खालच्या घराचं छत बघा. राहिलेल्या दोषांची यादी लेखी देऊन पोच घ्या. विक्रीच्या घरांसाठी रेरात दोष दुरुस्तीची मुदत ताब्यापासून 5 वर्षं आहे. तीच मुदत सभासदांच्या घरांनाही लागू राहील, हे वाक्य विकास करारात आधीच घालून ठेवा.