बायप्लेनचं किट बनवताय? मग या चुका टाळा (आणि वरच्या पंखाला हात लावायची घाई करू नका)

परवा परत एकाने हौसेने आपलं पहिलं बायप्लेन (एकावर एक दोन पंखांच्या विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल) माझ्या हातात दिलं, मी समोरून डोळ्यासमोर धरून बघितलं तर वरचा पंख एकीकडे आणि खालचा दुसरीकडे, कडाक्याचं भांडण झाल्यासारखे. काही बोललो नाही, माझं पहिलं यापेक्षा भयानक होतं. पण किती वेळा तोंडाने सांगायचं, म्हणून लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी अख्खं विमान जोडायचं आणि मग रंगवायचं. एका पंखाच्या विमानाला चालतं हे. बायप्लेनमध्ये वरचा पंख बसला की त्याची खालची बाजू, खालच्या पंखाची वरची बाजू आणि मधली बॉडी, कुठेच ब्रश नीट जात नाही आणि मग स्ट्रटवर, म्हणजे दोन पंखांमधल्या उभ्या काड्यांवर, रंगाचे गोळे. मी खालचा पंख बॉडीला जोडतो, वरचा वेगळा ठेवतो, स्ट्रट स्प्रूवर (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर) असतानाच रंगवतो, डेकलसुद्धा (खुणा-चिन्हांची पातळ चित्रं) लावून घेतो आणि मगच वरचा पंख. फक्त जिथे स्ट्रट बसणार तिथला रंग खरवडायला विसरू नका, प्लास्टिकचा गोंद प्लास्टिक वितळवून चिकटतो, रंगाच्या थरावर त्याची पकड बसत नाही.

आता माझी फजिती. १/४८ चं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं, सॉपविथ कॅमल होतं, पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. ड्राय फिट करताना (गोंद न लावता जोडून बघताना) दिसलं की खालच्या पंखाची टोकं वर उचललेली आणि वरचा पंख एकदम सपाट. मला वाटलं किटच वाकडं आलंय! पठ्ठ्याने वरचा पंख गरम पाण्यात बुडवून दोन्ही टोकं वर वाकवली, खालच्याला मॅचिंग. मग बाहेरचे स्ट्रट वरपर्यंत पोचेनात, तर स्प्रूचे तुकडे लावून तेही लांब केले आणि सुपरग्लू लावून अर्धा तास पंख धरून बसलो. सगळं झाल्यावर खऱ्या विमानाचा समोरून काढलेला फोटो बघितला. १९१७ मध्ये लढाईत उतरलेलं कॅमल असंच होतं हो, बनवायला सोपं जावं म्हणून वरचा पंख सपाट ठेवला आणि त्याची भरपाई म्हणून खालच्याची टोकं जास्त उचलली. म्हणजे मी चुकलेलं दुरुस्त केलं नव्हतं, बरोबर असलेलं बिघडवलं होतं. तेव्हापासून समोरून आणि बाजूने असे दोन फोटो समोर असल्याशिवाय मी गोंदाची बाटली उघडत नाही. आणि कॅमलचा तो सपाट पंख ही खरं तर सोय आहे, तो टेबलावर उलटा ठेवायचा, स्ट्रट उभे करायचे, सावकाश वाळणारा गोंद लावायचा आणि वरून बॉडी उलटी टेकवायची, बाजूला पुठ्ठ्याचे टेकू. गोंद ओला असेपर्यंत हवं तसं सरकवता येतं. सुपरग्लू ती संधीच देत नाही, पण नवीन मंडळींना दहा सेकंदात सगळं हवं असतं.

दुसरं माझं डोकं फिरवणारं प्रकरण म्हणजे रिगिंग, पंखांमध्ये ताणलेल्या तारा. मासे पकडायची जाड दोरी लावतात लोक! हिशोब करा ना, खरी तार ६ मिमी धरली तरी १/४८ मध्ये ती ०.१२ मिमीच्या आसपास येते, १/७२ मध्ये त्याहून बारीक. वर ती दोरी अशी ताणतात की पंखच खाली येतो. मी बारीक इलॅस्टिक धागा वापरतो, तो पंख ओढत नाही आणि चुकून बोट लागलं तरी तुटत नाही. भोकं ०.३ मिमीच्या ड्रिलने रंगाच्या आधीच पाडा, नंतर पाडलीत तर रंगाचे टवके उडणार. आणि प्रत्येक तार कशासाठी आहे ते समजून घ्या, बॉडीच्या खालच्या भागातून निघून बाहेरच्या स्ट्रटच्या वरच्या टोकाला जाते ती उडताना पंख वर मुडपू देत नाही, उलट दिशेची जमिनीवर पंखांचं वजन पेलते. हे कळलं की नुसती फुली मारल्यासारखे धागे लावणार नाही तुम्ही.

बाकीच्या भराभर सांगतो. स्प्रू साबणाच्या पाण्यात धुवा, साच्याचं तेल असतं त्यावर. काचेला सुपरग्लू नको, वाफेने पांढरी पडते, लाकडाचा पांढरा गोंद बेस्ट. मॅट रंगावर डेकल लावलंत तर खाली हवा अडकून चांदीसारखं चमकणार, आधी ग्लॉस मारा. रोटरी इंजिन असेल तर ते चिकटवून नुसता पंखा फिरता ठेवू नका, खऱ्या विमानात पंख्याबरोबर अख्खं इंजिन गरगर फिरायचं, ही चूक बघितली की मला उगाच राग येतो. हेअर ड्रायरने रंग वाळवायचा शॉर्टकट मला सांगू नका, पंखाची पातळ कड वाकते.

आणि रंग वाळला का ते विमानाला बोट लावून बघू नका, स्प्रूचा एक तुकडा सोबतच रंगवून ठेवा आणि त्याला बोट लावा. माझ्या त्या कॅमलच्या डाव्या पंखाखाली अंगठ्याचा ठसा अजून आहे, अगदी रेषांसकट.